कार्ड बदलण्यापूर्वी वायर तपासा

तासगावजवळच्या एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये हवेतील आर्द्रता नोंदवण्यासाठी बसवलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा, एका बोर्डावरचा संगणक दर दोन-तीन दिवसांनी आपोआप रीस्टार्ट होत असे. मी दोन वेळा मेमरी कार्ड बदलून लिनक्स नव्याने टाकले, पण दोष चार्जरच्या वायरीत निघाला. या बोर्डासाठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे, आणि मोबाइलच्या लांब, बारीक वायरीतून वीज पोहोचेपर्यंत व्होल्टेज उतरते. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, अंडरव्होल्टेजची ओळ उमटते आणि बोर्डावरचा लाल दिवा मिचकावतो.

हा लॉग डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसतो. रीस्टार्टनंतर तो नव्याने सुरू होत असल्याने सेन्सर आणि यूएसबी मोडेम जोडलेले असताना, म्हणजे पूर्ण भार असतानाच, तो पाहावा. ओळ सापडल्यास आखूड, जाड वायर आणि ५.१ व्होल्टचा चार्जर वापरावा. कार्डाला तोवर हात लावू नये.

भारनियमनाचा प्रश्न वेगळा आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडू शकते, म्हणून रास्पी-कॉन्फिग (raspi-config) या सेटिंग्जच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करावी; तिच्यात बदल कार्डाऐवजी तात्पुरत्या मेमरीत (रॅममध्ये) लिहिले जातात. त्यानंतर कार्डावर काहीच कायम राहत नाही (हे विसरल्याने माझ्या एका आठवड्याच्या नोंदी गेल्या), तेव्हा नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहाव्यात.