कुत्र्यानं काळी मेहंदी, क्रीम नाहीतर बाम खाल्लं? या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या मोत्यानं घराच्या सांदीत पडलेलं काळ्या मेहंदीचं पाकीट फाडलं. आई म्हणाली, ताक पाज. शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या. दोघींची माया खरी होती, पण उपाय दोन्ही चुकीचे.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं ही सगळ्यात घातक चूक. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरतं, कुत्र्याला झटके येतात, जीवही जातो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा केसांचं तेल पोटात गेलं असेल तर उलटीचं नावच काढू नका. ते फुप्फुसात शिरतं. केस काढायचं क्रीम वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतं. चुलीतली राखही पाजू नका, दवाखान्यातला औषधी कोळसा वेगळा असतो.

सगळं एकाच मापानं मोजणं ही दुसरी चूक. थोडी लिपस्टिक, बोटभर कोल्ड क्रीम खाल्लं तर बहुतेकदा पोट बिघडण्यावर भागतं. अंगदुखीच्या बामचं तसं नाही, त्यातल्या कापरानं झटके येऊ शकतात. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या टूथपेस्टनं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. आणि काळ्या मेहंदीतल्या पीपीडी या रसायनाची मला खरी भीती वाटते: तोंड-मान सुजते, श्वास अडकतो, स्नायूंच्या पेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी होते, मूत्रपिंडं निकामी होतात. त्यावर नेमका उतारा नाही.

म्हणूनच ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ म्हणू नका. उलटी काढायचा उपयोग साधारण पहिल्या एक-दोन तासांतच असतो, आणि ती काढायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तोवर तोंडातले तुकडे काढा, ओठ-हिरड्या ओल्या फडक्यानं पुसा. कुत्रं चावत असेल तर तेही राहू द्या. उरलेलं पाकीट सोबत घ्या. डॉक्टर आधी तेच मागतात. किती खाल्लं, किती वाजता, कुत्र्याचं वजन अंदाजे किती, हे वाटेतच आठवून ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा, 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनवरही विचारा, पण त्यांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीची वाट पाहत बसू नका. आम्ही मोत्याला पोत्यावर बसवून मोटरसायकलनंच नेलं. दोन दिवस सलाईन लागलं.

घरी आणल्यावरही तीन-चार दिवस लघवीचा रंग पाहत राहा. काळपट दिसली तर त्याच दिवशी परत न्या.