फेरीबोटीवर कॅराव्हॅन चढवताना शेपटी घासू नये म्हणून

दाभोळ–धोपावे किंवा आगरदांडा–दिघी ही खाडी फेरीबोटीने ओलांडली की मोठा वळसा वाचतो. मात्र कॅराव्हॅनचा, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचा, मागचा भाग लांब असतो. ओहोटीला पाणी उतरलं की बोटही खाली जाते, बोटीची फळी (जिच्यावरून गाडी आत चढते) आणि जेट्टीचा उतार यांत खोलगट कोन होतो, आणि मागची चाकं फळीवर चढतानाच शेपटी टेकते. आधी तुटतो तो सांडपाण्याच्या टाकीचा नळ.

घरीच टेप लावा. मागच्या चाकापासून शेपटीपर्यंत ७ फूट आणि शेपटीखाली १ फूट मोकळं असेल, तर ७ फुटांना १ फुटापेक्षा जास्त चढ आला की गाडी घासणारच.

म्हणून भरतीची वेळ गाठा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ची पाऊणपट ६, म्हणजे साधारण ६ वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीच्या मागेपुढे दीड-दोन तास सगळ्यात बरे.

निघण्याआधी सांडपाण्याची टाकी रिकामी करा, मागचा भाग थोडा उचलला जातो. दोन इंच जाडीच्या दोन फळ्या जवळ ठेवा, कोनात मागच्या चाकांखाली सरकवता येतात. आजी-आजोबा आणि मुलांना आधीच उतरवा. गॅस सिलिंडरचा कॉक बंद हवा. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

शेवाळलेल्या जेट्टीवर मध्येच थांबू नका, चाकं जागीच फिरतात. खारं पाणी उडालं असेल तर त्याच संध्याकाळी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा.