१९५४ची अमेरिका अभ्यासताना: निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचलात का?

एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतला असेल तर १९५४वरचा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच. शीतयुद्ध म्हणजे काय, आयसेनहॉवर कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते. मुख्य बोलायचंय ते त्या वर्षीच्या ब्राउन निकालाबद्दल, म्हणजे शाळांमधल्या वर्णभेदावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल.

हे वर्ष अंगावर येतं. १ मार्चला बिकिनी प्रवाळबेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फुटतो. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये प्वेर्तो रिकोचे राष्ट्रवादी प्रतिनिधीगृहाच्या सज्जातून गोळ्या झाडतात. एप्रिलमध्ये साल्कच्या पोलिओ लशीची मोठी चाचणी, जूनमध्ये सीआयएच्या पाठबळावर ग्वाटेमालातलं आर्बेन्झ सरकार उलथवलं जातं, जुलैत जिनिव्हा करारानं व्हिएतनामची फाळणी. आपण काय करतो, तर तारखांचा तक्ता बनवून भिंतीवर डकवतो. छान दिसतो तो. उत्तर लिहिताना मात्र तिसऱ्या ओळीनंतर पेन अडतं, कारण तक्त्यात ‘म्हणून’ हा शब्दच नसतो.

जिकडेतिकडे कम्युनिस्ट शोधत आरोप करत सुटलेल्या मॅकार्थीचं प्रकरण लवकर उरकता येतं. लष्कराबरोबरच्या सुनावण्या २२ एप्रिल ते १७ जून, घराघरात टीव्हीवर दिसलेल्या. २ डिसेंबरला सिनेटनं ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. फक्त त्याला प्रतिनिधीगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ समितीत बसवू नका. तो सिनेटर होता. बाजारातल्या नोट्समध्ये ही चूक हटकून सापडते, आणि एकाच्या नोट्स दुसरा उतरवत असल्यामुळे ती वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे.

आता खरा खड्डा, ज्यात मीही पडले. १७ मे, ब्राउन खटला. ‘सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद संपवला’ असं वाक्य तुमच्या वहीत असेल तर ते आत्ताच खोडा. न्यायालयानं सरकारी शाळांमध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवलं, नऊ विरुद्ध शून्य. हृदयविकारामुळे रुग्णालयात असलेले न्यायमूर्ती जॅक्सन त्या दिवशी मुद्दाम न्यायालयात येऊन बसले, इतकी एकजूट दाखवायची होती. पण निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात काय आहे? हे खटले पुन्हा सुनावणीच्या यादीवर घेतो. आधी विचारलेल्या प्रश्न क्रमांक चार आणि पाचवर पक्षकारांनी आणखी युक्तिवाद करावा. बस. हे प्रश्न होते अंमलबजावणी कशी करायची याचे. म्हणजे हक्क मिळाला आणि उपाय पुढच्या तारखेवर गेला. त्या दिवशी एकाही शाळेला एकाही मुलाला दाखल करून घेण्याचा आदेश मिळाला नाही.

उपाय आला ३१ मे १९५५ला. काम खालच्या न्यायालयांकडे सोपवलं आणि ‘जाणीवपूर्वक पण तत्परतेनं’ अशा अर्थाचे शब्द वापरले. मुदत दिलीच नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातलं ‘जाणीवपूर्वक’ तेवढं उचललं. १९५७मध्ये आर्कन्सॉ राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पोहोचवायला सैन्य लागलं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं तर १९५९मध्ये सरकारी शाळांनाच टाळं ठोकलं, ते १९६४पर्यंत. आणि ही काउंटी ब्राउनच्या निकालात एकत्र केलेल्या चार राज्यांच्या खटल्यांपैकी एकात स्वतः प्रतिवादी होती! (राजधानी वॉशिंग्टनचा बोलिंग खटला वेगळा. अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतली समान संरक्षणाची हमी राज्यांना लागू होते, राजधानी राज्य नाही. म्हणून तिथे पाचव्या दुरुस्तीचा आधार घ्यावा लागला. हे लिहिलंत तर परीक्षक थांबून वाचतो.)

असं अर्धवट का सोडलं? वॉरेन ऑक्टोबर १९५३मध्येच सरन्यायाधीश झालेले. केंटकीचे न्यायमूर्ती रीड शेवटपर्यंत अडून होते. सगळ्यांना एका निकालात बांधायचं तर ‘केव्हा’ आणि ‘कसं’ बाजूला ठेवणं सोयीचं होतं, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल, असलंच पाहिजे.

‘मूळ कागदपत्रांच्या नादी लागू नका, वेळ जातो’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल, बहुधा मार्गदर्शकाकडूनच. मान डोलवा आणि सोडून द्या. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर सांगते, निकाल सामान्य माणसाला वाचता यावा, छोटा असावा, असा वॉरेन यांचाच आग्रह होता. मराठी माध्यमातून आलेल्यांना एका दुपारी, शब्दकोश शेजारी ठेवून, सहज जमतो. खरंच जमतो.

आणखी एक. आपल्याकडे या उत्तरात बाबासाहेबांची कोलंबिया विद्यापीठातली वर्षं घुसडायची सवय आहे. त्यांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र स्वतंत्र अभ्यासाच्या तोलामोलाचं आहे. १९५४च्या उत्तरात मात्र ते भरतीचं ठरतं आणि गुण जातात.

सुरुवात कुठून करायची? १९५४च्या निकालाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा, मग लगेच १९५५चा निकाल. तो पहिल्यापेक्षाही छोटा आहे. तक्ता त्यानंतर काढा, आणि १७ मेच्या रकान्यातून एक बाण १९६४पर्यंत ओढा.