बीपी मोजताना आधी बोटं, मग कान

नवखा विद्यार्थी बीपी घ्यायला गेला की पहिल्यांदा स्टेथोस्कोप कानाला लावतो. निम्म्या चुका त्याच्याही आधी होऊन गेलेल्या असतात.

पेशंटला ५ मिनिटं निवांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. हात १० सेंटिमीटर खाली असेल तर बीपी ७-८ मिमीने (पाऱ्याच्या मिलिमीटरने) जास्त दिसतं. कफ म्हणजे दंडाला गुंडाळायचा, हवा भरायचा पट्टा; त्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी, लांबी ८० टक्के. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा उगाच चढतो. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंटिमीटर वर ठेवा. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली जागा) असलेला हात वापरायचा नाही.

आता मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. समजा १८० ला नाडी बोटांना लागेनाशी झाली. हवा पूर्ण सोडा, थोडं थांबा. मग कोपराच्या आतल्या बाजूला, धमनीवर स्टेथोस्कोप अलगद ठेवा (कफखाली खुपसू नका) आणि ३० वाढवून २१० पर्यंत फुगवा. व्हॉल्व्ह इतकाच सैल करा, की सेकंदाला २-३ मिमी उतरेल. पहिला 'टक्' ऐकू येतो ते वरचं बीपी: दाबलेल्या धमनीतून रक्त झटक्याने सुटू लागलेलं असतं. आवाज पूर्ण थांबतात ते खालचं, कारण धमनी आता मिटतच नाही. हे आवाज १९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोटकॉफ यांनी सांगितले.

नाडी कशाला बघायची, असं वाटतं ना? काहींचे आवाज, विशेषतः बीपी वाढलेल्या वयस्कांचे, १८० ला सुरू होतात, १६० ला गायब होतात आणि १४० ला परत येतात. तुम्ही अंदाजाने १५० पर्यंतच फुगवलं तर १४० हेच वरचं बीपी म्हणून लिहाल. ४० चा फरक, तोही कान अगदी बरोबर असताना! बोटांनी १८० आधीच कळलेलं असेल तर हे होत नाही.

आवाज हुकला तर मध्येच पुन्हा फुगवू नका. हातात रक्त साचून आवाज मंद होतात. कफ रिकामा करा, मिनिटभराने नव्याने घ्या. आणि १३४ दिसलं तर १३४ च लिहा, १३० नाही.