‘पुट ऑफ’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं?

आधी कर्म पाहा: काम आहे की माणूस? अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

काम असेल तर अर्थ पुढे ढकलणे. ‘वी पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे.’ भूतकाळातही रूप ‘पुट’च राहतं, ‘पुटेड’ नाही. ‘द मीटिंग’च्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूकच. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लावा: ‘ही पुट ऑफ सीइंग द डॉक्टर’. इथे सवयीने ‘टू सी’ लिहिलं जातं, कारण ‘डिसाइड’नंतर तसंच येतं. इथे चूक सहज होते, म्हणून हे वाक्य मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा.

माणूस असेल तर मन उडणे: ‘द स्मेल पुट मी ऑफ’. कशावरून उडालं ते लगेच पुढे जोडा, ‘पुट मी ऑफ फिश’. खेळताना किंवा परीक्षेत हीच रचना लक्ष विचलित होणे या अर्थाने येते: ‘स्टॉप टॉकिंग, यू आर पुटिंग मी ऑफ!’

दिव्यासाठी मात्र ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’च वापरा.