कॅज्युअल्टी का तुंबते? या चुका टाळा

कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, गर्दी वाढली की डॉक्टर वाढवा, ट्रॉल्या वाढवा अशी मागणी होते. दोन्ही हवंच. पण खरी अडचण बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर, वॉर्डात असते.

भरती ठरलेला पेशंट खालीच ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तपासणी झाली, भरती ठरली, पण वॉर्डात खाट नाही म्हणून पेशंट तासन्‌तास ट्रॉलीवर. त्याची सलाइन, औषधं, नातेवाइकांचे प्रश्न सगळं कॅज्युअल्टीच्या सिस्टरवर, आणि नव्या पेशंटला झोपवायला जागा नाही. त्याच वेळी वर घरी जाण्याजोगा पेशंट डिस्चार्ज कार्डाची वाट पाहत बसलेला असतो. राउंड उशिरा, कार्ड त्याहून उशिरा, मग विम्याची मंजुरी. इर्डाने (विमा नियामक संस्थेने) २०२४ मध्ये कॅशलेस डिस्चार्जच्या मंजुरीला ३ तासांची मर्यादा घातली खरी, पण रुग्णालयाने कागद पाठवल्यावरच हे तास मोजले जातात.

उद्या कोण घरी जाणार ते आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि सकाळचा राउंड त्यांच्यापासून सुरू करा. प्रत्येक पाळीत खाटांचा हिशेब एकाच व्यक्तीकडे द्या, आणि तिचा शब्द सगळ्या वॉर्डांनी मानला पाहिजे.

केस पेपरच्या नंबराने बोलावणं

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा, केस पेपर नंतर. मधुमेही आणि वयस्क पेशंटला हार्ट अटॅकमध्येही छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम किंवा मळमळ असते. म्हणून दारातच अनुभवी सिस्टर हवी, जी पेशंट किती गंभीर आहे ते पाहून लाल (सगळ्यात तातडीचा), पिवळा की हिरवा (थांबू शकणारा) ते ठरवेल. हिरव्यांना थोड्या वेळाने पुन्हा पाहा. बसल्या जागी पेशंट बिघडतो.

एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) आहे म्हणून थांबणं

परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. सरकारी डॉक्टर असो वा खासगी. तरीही जखमीला 'दुसरीकडे न्या' सांगितलं जातं. हे थांबलंच पाहिजे.

पाळी बदलताना टेबलावर बसून पेशंटची माहिती देणं

पेशंटपाशी उभं राहून द्या. काय दिलं, कोणता रिपोर्ट यायचाय, कशावर लक्ष ठेवायचं, एवढं पुरे. तेच एका नातेवाइकालाही सांगा, म्हणजे सिस्टरला तेच उत्तर दहा जणांना द्यावं लागणार नाही.