ई-ड्रमवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) आवाज कमी आला की हात आधी हेडफोनच्या नॉबकडे नेऊ नका

"सर, गाणं ऐकूच येत नाही," असं सांगणाऱ्या नवशिक्याचा हात तोवर हेडफोनच्या नॉबवर गेलेला असतो. गाणं दबकं वाटलं तर सगळ्यात शेवटी हात लावायचा तो नॉब हा.

दुसऱ्यांना काय सांगू, मीही हेच केलंय. मोबाइल मॉड्युलच्या (ड्रमचे आवाज काढणाऱ्या डब्याच्या) ऑक्स-इनला, म्हणजे बाहेरचं गाणं आत घेणाऱ्या सॉकेटला, जोडला होता आणि मोबाइलचा आवाज निम्म्यावर. गाणं दबकं वाटलं म्हणून हेडफोन वाढवला. गाण्याबरोबर ड्रमही वाढले, त्यामुळे गाणं पुन्हा मागेच. परत वाढवला. अंतरा हलक्या हाताने वाजत होता तोवर काही कळलं नाही. मग मुखडा आला, मी सवयीने क्रॅश (मोठी झांज) आणि किक (पायाने वाजवायचा ड्रम) एकत्र हाणली, आणि हेडफोन अक्षरशः कानावरून भिरकावला. झोपेपर्यंत कानात शिट्टी वाजत होती.

हेडफोनचा नॉब सगळंच एकदम वाढवतो. गाणं आणि ड्रम यांचं प्रमाण त्याने बदलत नाही. माझी सवय अशी: हेडफोन शून्यावर, मोबाइल जवळजवळ पूर्ण. आधी नुसतं गाणं सुखाने ऐकू येईल इतकाच हेडफोन उघडायचा, मग किटचा (सगळ्या ड्रमचा) व्हॉल्यूम त्या गाण्यात बसवायचा, क्लिक (मेट्रोनोमची तालाची टिकटिक) शेवटी. आणि हे ठरवताना पॅडवर टिचक्या मारायच्या नाहीत, मुखड्यात मारता तसा फटका मारायचा. पाच मिनिटं जातात. तेवढाही धीर नसेल तर पुढे मेट्रोनोमशी कसं जमणार, देव जाणे.

कानाचा हिशेब साधा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक म्हणजे स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) हळू वाटला की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पॅडची फटका पकडण्याची संवेदनशीलता, वाढवणं. लगेच दणदणीत वाजतो, म्हणून सगळे खूश. पण मिडीमध्ये (वाजवलेलं आकड्यांत नोंदवण्याच्या पद्धतीत) फटक्याचा जोर 127 पर्यंतच मोजला जातो. सेन्सिटिव्हिटी चढवली की मध्यम फटकाही 127 ला जाऊन टेकतो, जोरातलाही तिथेच. घोस्ट नोट (मुद्दाम अगदी हळू मारलेले फटके) ठळक होऊन बसतात आणि वाजवणं टाइपरायटरसारखं होतं. हळूपासून जोरापर्यंत आठ फटके मारून बघा. शेवटचे तीन-चार सारखेच वाटले तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा आणि स्नेअरचा व्हॉल्यूम किटच्या सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. हा बदल बहुतेक वेळा त्या किटपुरताच (मॉड्युलमधल्या त्या आवाजसंचापुरताच) असतो, सेव्ह करायला विसरू नका.

ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. काठी आधी पडते, आवाज मागून येतो, आणि दोष स्वतःच्या तालाला दिला जातो.

पॅडची टकटक ऐकू येते म्हणून आवाज वाढवत असाल तर बंद पाठीचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या.

अँप (अँप्लिफायर) जोडलेला असेल तर तो सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद.

एकाच कानात आवाज? मॉड्युल दुरुस्तीला नेण्याआधी अडॅप्टर बघा. पिनवर एकच काळी रेघ असेल तर तो मोनो आहे, दोन रेघांचा लागतो. दोन असूनही तेच होत असेल, तर पिन पूर्ण आत ढकला.